वाचनालयातील खेळांचे कपाट: खानापूरच्या प्रकल्प नोंदी

११ मे २०२५, रविवार

बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने एप्रिलच्या बैठकीत व्हिडिओ गेमसाठी एक कपाट ठेवण्यास मंजुरी दिली आणि त्यासाठी १०,००० रुपये बाजूला काढले. पुस्तक जसे नोंदवहीत सही करून घरी नेता येते तसाच गेमही नेता यावा, ही सूचना माझी होती, म्हणून कामही माझ्याकडेच आले. मी दिवसा कौलांच्या कारखान्यात हिशेब पाहतो. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. दुसऱ्या एखाद्या गावातील वाचनालयाने हेच करायचे ठरवले, तर आमचे जे रविवार वाया जातील ते त्यांचे तरी वाया जाऊ नयेत, म्हणून या नोंदी चुकांसह ठेवत आहे.

आज देणगीत आलेल्या वस्तू मोजल्या. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या आमच्या सुभेदार काकांनी एक प्लेस्टेशन ४, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, आणि १२ डिस्का दिल्या. बाकीच्या सभासदांकडून आलेल्या धरून प्लेस्टेशन ४ च्या २१ आणि संगणकावर चालणाऱ्या जुन्या सीडी-डीव्हीडी १७, अशा ३८ डिस्का झाल्या. तीन डब्या रिकाम्याच निघाल्या. काका म्हणाले, "आमच्या शेवटच्या पोस्टिंगला मोबाईलला रेंज नव्हती. संध्याकाळी चौघं बसायचो आणि एकच डिस्क बरॅकभर फिरायची." माझा भाचा बेळगावात अभियांत्रिकी शिकतो. त्याला हे सगळेच जुनाट वाटते. "मामा, आता डिस्क कोण घेतंय? सगळं डाऊनलोड असतंय की," असे तो म्हणाला. मी त्याचे म्हणणे खोडून काढले नाही. वाचनालयासाठी कोणती वस्तू उपयोगी, हे प्रत्यक्ष लावून पाहूनच ठरवायचे, असे दोघांत ठरले.

१८ मे

कन्सोल सुरू झाला, पण त्यावरचे घड्याळ भलतेच वर्ष दाखवत होते आणि एकही डिस्क चालेना. प्रत्येक वेळी गेमचे नाव दिसे आणि लगेच त्रुटीचा संदेश येई. डिस्का खराब आहेत असे समजून मी पहिले दोन तास त्या पुसण्यातच घालवले.

दोष बॅटरीचा होता. कन्सोलच्या आत मनगटी घड्याळात असते तशी, पण आकाराने मोठी, सीआर २०३२ जातीची बटण-बॅटरी असते आणि बाहेरची वीज बंद असताना तीच घड्याळ चालू ठेवते. दोन वर्षे कपाटात पडून राहिल्याने ती संपली होती. मागचे स्क्रू ताऱ्यासारख्या खाचेचे असून खाचेच्या मध्यभागी बारीक टोक असते, त्यामुळे साध्या पेचकसाने ते निघत नाहीत. तसा संच ३५० रुपयांना आणि बॅटरी ५० रुपयांना मिळाली.

बॅटरी बदलूनही गेम चालले नाहीत, तेव्हा मी खरोखर निराश झालो. जुन्या प्रणालीवरच्या कन्सोलमध्ये बॅटरी एकदा संपली की, वेळ नेटवरून पुन्हा पडताळली जाईपर्यंत, डिस्कवरचा गेमही अडतो. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ९.०० या आवृत्तीने ही अडचण दूर केली, पण काकांचा कन्सोल त्याआधीच्या आवृत्तीवर थांबलेला होता. म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली, हातात असलेली डिस्क एका ५० रुपयांच्या बॅटरीमुळे आणि दूरच्या सर्व्हरच्या होकारासाठी अडून राहू शकत होती. ज्यांच्याकडे असा जुना कन्सोल पडून आहे, त्यांनी तो आजच अद्ययावत करून घ्यावा.

वाचनालयात नेट नाही, म्हणून अपडेट पेनड्राइव्हवरून घातले. पेनड्राइव्हवर कंपनीने सांगितलेल्या नावांचे दोन फोल्डर, एकात एक, करावे लागतात आणि फाइलचे नाव अक्षरशः तेच असावे लागते. मी ती फाइल दोनदा डाऊनलोड केली होती, त्यामुळे ब्राउझरने दुसऱ्या फाइलच्या नावापुढे कंसात एकचा आकडा जोडला होता आणि कन्सोलला ती सापडत नव्हती. हे लक्षात यायला पाऊण तास लागला. नाव दुरुस्त करताच काम झाले. पेनड्राइव्हचे ३८० रुपये झाले.

१ जून

गेले दोन रविवार एकच चाचणी घेतली. कन्सोलचे नेट पूर्ण बंद ठेवायचे, कोणत्याही खात्यात प्रवेश करायचा नाही, डिस्क घालायची आणि गेम खरोखर खेळता येतो का ते अर्धा तास खेळून पाहायचे. आमच्या तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात नेटची काय परिस्थिती असते ते इथे सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या मुलाने घरी नेलेला गेम नेट मागू लागला, तर त्याच्यासाठी ती डिस्क म्हणजे प्लास्टिकची चकती उरते.

पहिल्या रविवारची चाचणी फुकट गेली. पहिल्या चार डिस्का छान चालल्या आणि मी नोंदवहीत बरोबरची खूणही केली. नंतर लक्षात आले की काकांच्या घरी असताना त्या चारही गेमची अपडेट कन्सोलमध्ये उतरलेली होती आणि ती अजून तिथेच होती. डिस्क एकटी किती करू शकते हे त्यातून कळणे शक्यच नव्हते. कन्सोल पूर्ण पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

यात वेळ फार जातो. प्लेस्टेशन ४ मध्ये गेम थेट डिस्कवरून चालत नाही. तो आधी आतल्या हार्ड डिस्कवर उतरतो आणि त्यानंतर डिस्क फक्त मालकीचा पुरावा म्हणून आत ठेवावी लागते. प्लेस्टेशन ४ ची डिस्क ब्लू-रे जातीची असते, तिच्यावर ५० जीबीपर्यंत मजकूर मावतो आणि आमच्या कन्सोलची हार्ड डिस्क ५०० जीबीची आहे, तेव्हा नऊ-दहा गेम झाले की जुने काढून टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

निकाल असा लागला: २१ पैकी १५ डिस्का नेटशिवाय व्यवस्थित चालल्या. दोन डिस्का सुरू झाल्या, पण खेळाचा बराच भाग "डाऊनलोड करा" या पाटीमागे बंद होता. तीन डिस्का कन्सोलने वाचल्याच नाहीत. उरलेली एक डिस्क 'द क्रू' या २०१४ सालच्या मोटार शर्यतीच्या गेमची होती. तिच्यावर एकही ओरखडा नव्हता, डबी नवी कोरी होती आणि गेम हार्ड डिस्कवर उतरलाही नीट, पण तो सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालतच नाही आणि ते सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी कायमचे बंद झाले आहेत. एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला. ज्या सभासदाने ती दिली त्याला हे माहीत नव्हते. डिस्क म्हणजे मालकी, हा माझाही समज त्या दिवशी मोडला. ही डिस्क मी कपाटाच्या वरच्या फळीवर वेगळी ठेवली आहे आणि "डिस्क घेतली की झालं ना?" असे कोणी विचारले की तीच दाखवतो.

८ जून

न वाचल्या गेलेल्या तीन डिस्कांपैकी पहिली फक्त चिकट झाली होती. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ कापड एवढ्यावर ती सुधारली. पुसताना मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवून पुसू नये. डिस्कवरचा मजकूर गोल रेषेत असतो आणि त्या दिशेने उमटलेला ओरखडा सलग मजकूर पुसून टाकतो.

दुसरी डिस्क मी स्वतःच्या हाताने कायमची घालवली. लहानपणी गाण्यांच्या सीडीला टूथपेस्ट लावून घासले की ती चाले, हे मी अनेकदा केलेले होते. तोच उपाय इथे केला. वीस मिनिटे घासल्यावर पृष्ठभाग धुरकट झाला आणि कन्सोलने डिस्क बाहेर फेकली. कारण नंतर कळले. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही प्रकारच्या चकत्या साधारण १.२ मिलिमीटर जाडीच्याच असतात, पण मजकुराचा थर वेगवेगळ्या खोलीवर असतो. सीडीत तो वरच्या छापील बाजूला अगदी लगत असतो, म्हणून खालून थोडे प्लास्टिक घासले तरी चालते. त्याच कारणाने सीडीच्या छापील बाजूवर पडलेला चरा अधिक घातक असतो. डीव्हीडीत थर मधोमध, ०.६ मिलिमीटरवर असतो. ब्लू-रेमध्ये मात्र तो खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो आणि त्यावर संरक्षणासाठी कडक लेप दिलेला असतो. मी घासला तो हाच लेप. त्यामुळे ब्लू-रे डिस्क कोणत्याही यंत्रात किंवा हाताने घासू नये, फक्त धुवावी. तिसरी डिस्क खोल चिरलेली होती, ती तशीच ठेवून दिली.

संगणकाच्या चार ओरखडलेल्या डीव्हीडी बेळगावात यंत्रावर घासून आणल्या. प्रत्येकी ५० रुपये लागले आणि चारही वाचता येऊ लागल्या.

२२ जून

संगणकाच्या १७ डिस्कांना दोन रविवार लागले आणि डाऊनलोडच्या बाजूने सर्वात जोरदार पुरावा इथे मिळाला. दोन डिस्का मधल्या भोकाजवळ तडकल्या होत्या. पाच डिस्कांचे गेम उतरले, पण सुरू करताना त्यांनी डबीतला सांकेतिक क्रमांक मागितला. तो क्रमांक पहिल्या मालकाने कधीच आपल्या खात्याला जोडलेला होता आणि एकदा जोडलेला क्रमांक दुसऱ्या खात्याला लागत नाही. या डिस्का जुन्या बाजारात विकत घेऊ नका, डबी कितीही चांगली असली तरी.

चार डिस्का विंडोज १० वर मुळीच उघडल्या नाहीत. या २००३ ते २००७ च्या सुमाराच्या आहेत आणि त्यांत नक्कल रोखण्यासाठी सेफडिस्क नावाची व्यवस्था होती. तिच्या कामाला विंडोजमधला एक घटक लागतो. तो असुरक्षित ठरल्याने विंडोज १० मध्ये घेतलाच गेला नाही आणि २०१५ मध्ये जुन्या विंडोजमध्येही बंद करण्यात आला. म्हणजे चोरापासून वाचवण्यासाठी घातलेले कुलूप आता मालकालाच उघडत नाही. त्यांपैकी एक गेम भाच्याने गॉग नावाच्या दुकानातून डाऊनलोड करून विकत घेतलेला होता. तो त्याच्या नव्या लॅपटॉपवर पहिल्याच झटक्यात चालला. हे दुकान २००८ पासून जुने गेम नव्या संगणकांवर चालतील असे करून, कुलपाशिवाय विकते.

या चार डिस्कांसाठी वाचनालयाच्या माळ्यावर पडलेला २००९ चा संगणक खाली काढला. त्याचा वीजपुरवठा करणारा डबा जळला होता, तो ८५० रुपयांना बदलला. त्यावर विंडोज एक्सपी आहे, ते तसेच राहू दिले आणि त्याला नेट कधीही जोडायचे नाही असा कागद पडद्यावर चिकटवला. चारही गेम चालले. ते घरी देता येणार नाहीत, वाचनालयात बसूनच खेळावे लागतील. उरलेल्या सहा डिस्का कोणत्याही संगणकावर चालतात.

२९ जून

आठवड्याला २० रुपये भाडे घ्यावे, म्हणजे कपाट स्वतःचा खर्च स्वतः काढेल, असे मी कार्यकारिणीला लिहून दिले होते. ते बरे झाले की मंजूर होण्याआधी खानापूर न्यायालयात वकिली करणाऱ्या आमच्या एका सभासदाने वाचले. कॉपीराइट कायद्यात संगणक-कार्यक्रमाची प्रत व्यापारी भाड्याने देण्याचा हक्क मूळ मालकाकडे ठेवलेला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम २ मध्ये व्यापारी भाड्याची व्याख्या घातली, तिच्यानुसार नफा न कमावणाऱ्या वाचनालयाने किंवा शिक्षणसंस्थेने कायदेशीर मार्गाने मिळवलेली प्रत नफ्याच्या हेतूशिवाय देणे हे व्यापारी भाडे धरले जात नाही. त्यांनी सांगितले, "भाडं नको, अनामतही नको. पुस्तकासारखंच द्या आणि नोंदवहीत सही घ्या." मी भाड्याचा मुद्दा मागे घेतला.

याच कारणाने, आलेल्या डिस्कांत हाताने नाव लिहिलेल्या तीन नकला होत्या, त्या मोजणीतच धरल्या नव्हत्या. त्या परत केल्या.

१३ जुलै

या आठवड्यात पाऊस थांबला नाही. बुधवारी दुपारी करंट गेला तो शनिवारी सकाळी आला. कपाट उघडले तेव्हा कुबट वास आला. डब्यांतील छापील कागद लहरी पडून फुगले होते आणि दोन डीव्हीडींवर पांढरट ठिपके दिसत होते. विजेरीचा झोत तिरपा धरला तेव्हा एका ठिपक्याभोवती नेच्याच्या पानासारखे बारीक तंतू पसरलेले दिसले. ती बुरशी होती. माझीच चूक होती, कारण लोखंडी कपाट मी पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवले होते आणि ती भिंत जुलैत घाम सोडते.

दोन्ही डीव्हीडी धुवून, सावलीत वाळवून वाचता आल्या. कागद मात्र काढून टाकावे लागले. कपाट आतल्या भिंतीकडे, जमिनीपासून चार बोटे वर, विटांवर ठेवले. घट्ट झाकणाचे चार मोठे डबे प्रत्येकी ४२५ रुपयांना घेतले, त्यात डिस्का उभ्या ठेवल्या आणि प्रत्येक डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी टाकली. एक किलो जेल ३६० रुपयांना मिळाले. त्याचे दाणे कोरडे असताना निळे असतात आणि ओल शोषली की गुलाबी होतात. मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होतात. त्या निळ्या रंगात कोबाल्टचे संयुग असते, म्हणून स्वयंपाकाचा तवा वापरू नये. मी गोदामातला एक जुना तवा फक्त यासाठी ठेवला आहे. पहिल्या वेळी दाणे गुलाबी व्हायला नऊ दिवस लागले.

भाच्याचे एक वाक्य इथे नोंदवणे न्यायाचे होईल: "माझ्या बावीस गेमना बुरशी लागत नाही, मामा." हे खरे आहे. आपल्या हवेत डिस्क सांभाळणे हे बारमाही काम आहे आणि ज्या वाचनालयात ते करायला माणूस नाही, त्याने हे कपाट सुरू करू नये.

२७ जुलै

भाच्याचे ते २२ गेम वाचनालयाच्या कामी येतात का, ते पाहण्यासाठी हा रविवार ठेवला होता. त्याने ते सवलतीच्या दिवसांत, काही तर शंभर-दीडशे रुपयांना घेतले आहेत. इतक्या स्वस्तात त्यांची डिस्क जुन्या बाजारातही मिळणार नाही.

अडचण देण्याघेण्यात आली. त्याने विकत घेतला तो गेम वापरण्याचा परवाना आहे आणि तो त्याच्या खात्याला बांधलेला आहे. खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात कुटुंबात वाटून घेण्याची सोय आहे, पण ती एकाच घरात राहणाऱ्यांसाठी. प्लेस्टेशन ४ वर एका खात्यासाठी एकच कन्सोल मुख्य म्हणून नोंदवता येतो. आमचा कन्सोल मुख्य केला तर त्याच्या घरचा नेट नसताना अडतो. वाचनालयाच्या नोंदवहीत लिहून, पिशवीत घालून, हलशीच्या मुलाच्या हातात देता येईल अशी वस्तू त्या बावीसांत एकही नव्हती. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल वस्तू विकताना "हा परवाना आहे" हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडे खरेदीच्या बटणावर तेवढेही लिहिलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

योगायोगाने याच महिन्यात भाच्याचा फोन बसमध्ये हरवला आणि खात्यात शिरायला लागणारा संकेत त्याच फोनवर येत असे. नवे सिम घेऊन, जुन्या खरेदीच्या पावत्या पाठवून खाते पुन्हा उघडेपर्यंत १९ दिवस गेले. त्या १९ दिवसांत २२ पैकी फक्त पाच गेम, जे लॅपटॉपवर आधीच उतरलेले आणि कुलपाशिवायचे होते, ते चालले. खरेदीच्या पावत्यांचे ईमेल जपून ठेवा आणि पर्यायी संकेत कागदावर लिहून घरी ठेवा, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे.

डाऊनलोडच्या वेळेचाही हिशेब केला. माझ्या घरच्या जोडणीचा वेग कागदावर ४० एमबीपीएस आहे, संध्याकाळी मोजला तर १२ भरला. ५० जीबीच्या गेमला त्या वेगाने सव्वानऊ तास लागतात. मी स्वतःच्या पैशाने गॉगवरून ५९९ रुपयांचा एक गेम घेतला आणि तो सांभाळायला ४,३०० रुपयांची हार्ड डिस्क घेतली. मोठ्या गेमची स्थापना-फाइल तुकड्यांत येते. रात्री करंट गेल्याने एक तुकडा अर्धवट राहिला होता, ते मी पाहिले नाही, आणि आठ दिवसांनी बसवायला गेलो तेव्हा काम मध्येच अडले. सर्व तुकडे उतरल्यावर त्याच दिवशी एकदा, नेट बंद करून, बसवून पाहावे. आता तो गेम कोणाच्याही परवानगीशिवाय चालेल. तरीही त्याचा परवाना वैयक्तिक वापराचा आहे, म्हणून तो माझ्या घरी राहील, कपाटात जाणार नाही.

पेनड्राइव्हवर घालून निर्धास्तपणे देता येतील असे डाऊनलोड शेवटी सापडले ते मुक्त परवान्याचे: सुपरटक्सकार्ट ही शर्यत, बॅटल फॉर वेस्नॉथ हा डावपेचांचा खेळ आणि झिरो ए.डी. हा प्राचीन साम्राज्यांचा खेळ. यांची प्रत करून वाटायला त्यांचा परवानाच मुभा देतो.

१० ऑगस्ट

उरलेल्या पैशांतून बेळगावच्या बाजारात वापरलेल्या डिस्का घ्यायला गेलो. पाच घेतल्या, ३,९०० रुपये झाले. त्यांतले ७०० रुपये बुडाले, कारण एका डबीत डिस्क नव्हतीच, फक्त संकेत छापलेला कागद होता आणि तो वापरून झालेला होता. डबी बंद होती, मी उघडून पाहिली नाही आणि विकणाऱ्याने परत घेतली नाही. दुकानातच डबी उघडा, डिस्क उजेडात तिरपी धरून पाहा आणि "संपूर्ण आवृत्ती" असे लिहिलेले असेल तर जादा भाग डिस्कवर आहेत की कागदी संकेतावर, हे विचारा. आखातातून कोणी आणून दिलेल्या डिस्कबाबत आणखी एक गोष्ट: प्लेस्टेशन ४ ची डिस्क कुठलीही चालते, पण तिचे जादा भाग खात्याच्या प्रदेशाशी जुळावे लागतात.

पाचांतली एक फिफा १९ या फुटबॉलच्या गेमची आहे आणि ती मुद्दाम घेतली. ईए कंपनी आणि फिफा यांचा करार संपल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये त्या नावाचे जुने गेम डिजिटल दुकानांतून काढले गेले. ज्यांनी आधी घेतले त्यांचे राहिले, नव्याने मात्र कोणाला घेता येत नाहीत. एक्सबॉक्स ३६० या दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलचे ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. प्लेस्टेशन ३ चे दुकान २०२१ मध्ये बंद करण्याचे जाहीर झाले होते, खेळणाऱ्यांनी आवाज उठवल्यावर निर्णय मागे घेतला गेला. दुकान बंद झाल्यावर तो गेम हवा असणाऱ्या नव्या मुलाला वापरलेली डिस्क हाच सरळ मार्ग उरतो. फिफा १९ नेट काढून लावली. दोघांचा सामना विनातक्रार झाला.

१४ सप्टेंबर

गणपती झाल्यावर आज कपाट उघडले. घरी नेण्यासाठी प्लेस्टेशन ४ च्या २० आणि संगणकाच्या ६ डिस्का आहेत. आमच्या सभासदांत कन्नड माध्यमाची मुलेही बरीच आहेत, म्हणून सूचना लिहिण्याऐवजी रंगाचे ठिपके लावले. हिरवा म्हणजे नेटशिवाय चालतो, पिवळा म्हणजे वाचनालयातच खेळायचा. पिवळ्यात एक्सपीवरचे चार आणि अपडेट मागणारे दोन गेम आहेत. त्या दोघांची अपडेट मी कन्सोल घरी नेऊन एकदाच उतरवून आणली, रात्र गेली.

१९ ऑक्टोबर

पहिल्या पाच आठवड्यांत ३१ वेळा डिस्का बाहेर गेल्या. सर्वाधिक मागणी क्रिकेटला, त्याखालोखाल फिफाला. दोन डिस्का उशिरा आल्या, एक नवा ओरखडा घेऊन आली, पण चालते. एक गोष्ट आधी सुचायला हवी होती: खेळातली प्रगती डिस्कवर साठत नाही, ती त्या घरच्या कन्सोलमध्ये राहते. नंदगडचा एक मुलगा पंधरा दिवसांनी तीच डिस्क वाचनालयात लावून बसला आणि आपली सगळी कारकीर्द पुसली गेली असे समजून रडवेला झाला. त्याला पेनड्राइव्हवर प्रगती उतरवून आणायला शिकवले आणि तीच कृती चित्रांसह कपाटाच्या दारावर लावली.

वाचनालयाचा खर्च: पेचकस, बॅटरी आणि पेनड्राइव्ह ७८०, कापड १२०, डीव्हीडी घासणे २००, जुन्या संगणकाची दुरुस्ती ८५०, डबे आणि सिलिका जेल २,०६०, वापरलेल्या डिस्का ३,९००, रिकाम्या डब्या ३००, बसभाडे ६४०, मिळून ८,८५० रुपये. शिल्लक १,१५० रुपये. माझे सोळा रविवार यात धरलेले नाहीत.

शिल्लक रकमेतून दुसरा क्रिकेटचा गेम घ्यावा असे मुलांचे म्हणणे आहे. मी अडीचशे रुपये सिलिका जेलसाठी राखून ठेवले आहेत. कन्सोलच्या पाठीला बॅटरी बदलल्याची तारीख चिकटवली आहे: १८ मे २०२५.